आभाराची मिस्सा

आम्हा दुबईवाल्यांना शिफारशींची भारी हौस. वसईतल्या माझ्या माहेरच्या शेजारीण मावशींचा मुलगा मी असाच नवरा कामाला होता त्या केटरिंग कंपनीत कुक म्हणून चिकटवला. हॉटेलातली नोकरी आहे, काळजीच नको, असं मावशींना छातीठोक सांगितलं. इराकची लढाई तेव्हा टीव्हीवर चालू असायची आणि मी सिरियलसाठी चॅनल बदलायचे.

मुलगा दर शुक्रवारी आमच्या अल मनखूलच्या घरी जेवायला यायचा. मग येईनासा झाला. एका शुक्रवारी आम्ही जेवायला बसलो होतो, तेव्हा त्याचा फोन आला.

“ताई, मी इराकमध्ये आहे, अमेरिकन आर्मीच्या कॅम्पात. कुवेतला हॉटेल आहे म्हणाले, तिथून बसमध्ये घातलं. इथे बॉम्ब पडतात आणि आम्ही सैनिकांचं जेवण करतो. पासपोर्ट मागितला तर देत नाहीत. दादांना सांगा ना.”

मी दादांना, म्हणजे नवऱ्याला सांगितलं. त्याला आधीच माहीत होतं.

“मॅनेजमेंटचा डिसिजन आहे,” तो म्हणाला. “आता गेला, खलास. वर्षभराने येईल, इन्शाल्ला. कालवण वाढ.”

मी वाढलं. पूर्वी फौजा गावावरून जाताना माणसं वेठीला धरत, असं शाळेत शिकले होते. वेठीला धरणारा इतका घरगुती दिसतो हे ठाऊक नव्हतं. मला त्याची लाज वाटली, आणि वाढणाऱ्या हाताची जास्त.

नाताळला गावी गेलो, तर मुलाला नोकरी लावली म्हणून मावशींनी आमच्यासाठी चर्चमध्ये आभाराची मिस्सा, खास प्रार्थना, ठेवलेली. मुलाने घरी काहीच कळवलं नव्हतं, आई हाय खाईल म्हणून. फादरांनी वेदीवरून आमची नावं घेतली. नवरा हात जोडून ऐकत होता. मला मान वर करवेना.

संध्याकाळी मावशी घरी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी घेऊन आल्या. सोबत त्यांचा बेकार जावई.

“बाय, आता ह्यालाही लाव कुठे तरी.”

“नको मावशी. ह्याला तिथे पाठवू नका.”

“का गं?”

कारण ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं तर गावात नवऱ्याची, आणि माझी, अब्रू जाणार होती. मी सुकेळी डब्यात भरू लागले.

“आमचं बरं झालेलं बघवत नाही तुला,” मावशी म्हणाल्या.

“तिचं काय ऐकता?” नवरा हसला. “फोटो द्या त्याचे. मी बघतो.”

पुढच्या महिन्यात जावई दुबईत उतरला. एअरपोर्टवर त्याला घ्यायला आम्ही दोघंही गेलो.