कॉम्प्युटरचं बारसं

माझा राग अचलपुरात प्रसिद्ध होता. म्याडम आधी ओरडतात आणि मग विचारतात, असं पोरी म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, तसंच होतं. पण एका सकाळी ओरडून झाल्यावर जे ऐकलं, त्यासाठी मी त्या पोरींची आजही ऋणी आहे.

कापसानं घरोघर दगा दिला होता ती वर्षं. मी माझ्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या, बांगड्यांच्या दुकानामागच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. मशीनं अमरावतीच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून आणलेली, वर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स. चालू केली की पडद्यावर त्या ऑफिसचंच नाव यायचं. मला त्याचं काही नव्हतं. चालतंय ना, मग चालू दे.

क्लासला परीक्षेचं केंद्र मिळायचं होतं. अमरावतीहून एक साहेब तपासायला येणार होते. चांदूर बाजारकडून एसटीनं येणाऱ्या एका पोरीचा सगळा जीव त्यात अडकला होता. तिच्या बापानं सांगून टाकलेलं, परीक्षा अचलपुरात झाली तर दे, अमरावतीले धाडणार नाही. नाहीतर उन्हाळ्यात लग्न. तिची थोरली बहीणही माझ्याकडेच शिकली होती, हुशार होती, आणि परीक्षेआधीच सासरी गेली होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी सामान आणायला अकोल्याला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर मुख्य मशीनच्या कपाळाला हळद-कुंकू, टेबलावर सांडलेल्या घुगऱ्या, आणि परीक्षेचा प्रोग्राम काही केल्या उघडेना! वायरी काढून घातल्या, मशीन बंद करून चालू केलं. दर वेळी तेच रडगाणं, या नावाचं मशीन सापडत नाही. नाव पाहिलं तर ऑफिसचं नाहीच, भलतंच एका बाईमाणसाचं.

"कोणाचे धंदे आहेत हे?" मी कडाडले.

"बारसं केलं, म्याडम," चांदूर बाजारकडची ती पोरगी म्हणाली. "आपलं मशीन दुसऱ्याचं नाव काहून सांगते म्हून. मी आत्या झाल्ती."

आणि घुगऱ्या खालानं शिजवून दिल्या होत्या. म्हणजे अख्खं घर सामील!

घोळ माझ्या लक्षात आला. पोरींनी मशीनचं नाव बदललं होतं, पण ते तेवढ्या एकाच जागी. कोणतं नाव कोणत्या पत्त्यावर राहतं, हे मशीन होस्ट्स नावाच्या फाइलीत बघतं. तिथं जुनंच नाव होतं. प्रोग्राम सुरू होताना आधी स्वतःचं नाव त्या फाइलीत शोधायचा, आणि नाही मिळालं की फतकल मारून बसायचा. मी म्हटलं, मरू दे, जुनं नाव परत टाकते. साहेब यायची वेळ झालीच होती.

पोरीनं कीबोर्डवर हातच ठेवला.

"नाव नका काढू, म्याडम. ताईचं हाय."

राग कुठल्या कुठे गेला. "सरक पुढे," म्हटलं, "तूच लिही." मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. आधी पत्ता, मग पूर्ण नाव, मग नुसतं नाव. पूर्ण नावाच्या मागं जुन्या ऑफिसचं डोमेन, म्हणजे मशीनचं आडनावच म्हणा ना, अजून चिकटलेलं होतं. तेही काढायला लावून आमच्या क्लासचं लावलं. एवढ्यात साहेब आले आणि आमच्या मागं येऊन उभे राहिले.

प्रोग्राम उघडला.

"हे नाव कोणाचं?" साहेबांनी विचारलं.

"माह्या बहिणीचं. तिची परीक्षा राह्यली."

साहेबांनी हातातल्या कागदावर खूण केली. मग म्हणाले, "पुढचं मशीन दाखवा."

केंद्र मिळालं. देव त्या माणसाचं भलं करो.

परीक्षेच्या दिवशी बाप पोरीला सोडायला आला. दारातून निघता निघता त्याची नजर पडद्यावर गेली. अक्षर लावत लावत त्यानं वाचलं आणि मला विचारलं, "हे थोरलीचं नाव कायले सांगून राह्यलं, बाई?" मग मीच सगळं सांगितलं, घुगऱ्यांसकट.

त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"पुढच्या खेपेले थोरलीले बी बसवा," तो म्हणाला. "जावयाशी मी बोलतो."