गेरूची रेघ

कौसल्याबाई आमच्या गल्लीतून चालताना चपला हातात घ्यायच्या. कोणी हसलं तर म्हणायच्या, “चपलेले उतार समजत नाही बाप्पा, पायाले समजते.” त्यांनी जन्मभर बांधकामावर घमेली वाहिली होती. कुठे पाणी थांबेल, कुठून वाहील, हे त्या चालता चालता सांगायच्या.

सिमेंटचा रस्ता येणार म्हणून सगळे खूश होते. त्या एकट्या नाखूश. जुन्या रस्त्यावरच सिमेंट ओतणार होते. आमची घरं आधीच रस्त्यापेक्षा वीतभर खाली. रस्ता आणखी चढला तर पावसाचं पाणी थेट चुलीत. नगरपालिकेचे साहेब नकाशा घेऊन गल्लीत येणार, लोकांचं ऐकून मग कागद पक्का करणार, असं कळलं. कौसल्याबाई वाटीत गेरू कालवून घरोघर फिरल्या. “मागच्या साली कुठवर आलं होतं वं पाणी?” असं विचारून प्रत्येक दाराजवळ भिंतीवर रेघ ओढली. “बोलणं साहेब इसरते. रेघ नाही इसरत.”

मग गल्लीत कोणीतरी उठवलं, की ज्याची रेघ वर त्याच्यापुढे नाली आधी. मी कोणाला विचारलं नाही. माझ्या दाराजवळची रेघ पुसली आणि हातभर वर काढली.

साहेब आले. एकेक रेघ पाहत माझ्या दाराशी थांबले. “शेजारी गुडघाभर आणि यांच्याकडे कमरेइतकं? पाणी काय शिडी लावून चढलं?”

लोक हसले. साहेब हसले नाहीत. “मग बाकीच्या तरी खऱ्या कशावरून? मी काय समजायचं?” ते नकाशाची गुंडाळी करू लागले.

कौसल्याबाईंनी रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं झालं असतं. चार माणसांत मी कधी तोंड उघडलेलं नाही, नवऱ्याच्या मागे उभं राहूनच माझं आयुष्य गेलं.

“साहेब, ही रेघ मी वर नेली,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक, की त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा सांगावं लागलं. पदर ओला करून सगळ्यांसमोर रेघ पुसली. “खरं पाणी चौकटीवर पाहा. लाकूड जिथवर फुगलं, तिथवर.”

साहेब खाली बसले. चौकटीवरून बोट फिरवलं. मग उठून शेजारच्या दाराची चौकट पाहिली, मग त्याच्या पुढची. प्रत्येक ठिकाणी लाकूड कौसल्याबाईंच्या रेघेपर्यंतच फुगलं होतं. त्यांनी नकाशा पुन्हा उघडला, ओट्यावर ठेवला आणि पेन काढलं. “जुना रस्ता आधी खोदावा लागेल.”

ते गेल्यावर मी मान खाली घालून उभी होते. कौसल्याबाईंनी वाटी माझ्या हातात दिली. “काहून उभी हायेस वं मंदा? काढ आता. जिथं होती तिथंच.”

रस्ता आमच्या उंबऱ्याच्या खाली झाला. त्यावरून त्या दोन पावसाळे अनवाणी चालल्या. यंदा थंडीत गेल्या.

परवा त्यांच्या घराला रंग देणं चाललं होतं. रंगाऱ्याने दाराजवळच्या रेघेवर ब्रश टेकवला. त्यांची सून आत होती. मी माझ्या दारातूनच म्हटलं, “ते राहू द्या.”

त्याला एकदाच सांगावं लागलं.