न उलटलेलं रीळ

फोटोंना फ्रेमा करून देणाऱ्या फ्रेमवाल्याला वडिलांकडून दोन गोष्टी आल्या: चावीचा सिनेकॅमेरा आणि किडनीचा आजार. त्यातला कॅमेरा निदान दुरुस्त तरी होत होता.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस, उरलेल्या वेळात दुकान, आणि सुट्टीला स्वतःचे सिनेमे. त्यांत गोष्ट नसायची. सुजलेले घोटे असायचे, दंडातली सुई असायची, आणि चष्मेवाल्याची मान. चष्मेवाला म्हणजे अकरा वर्षं सोबत राहणारा त्याचा जोडीदार. ताईच्या भाषेत "तुझे ते भाडेकरू." हा गृहस्थ दिवसभर गिऱ्हाइकांचे डोळे तपासायचा आणि घरी आमटीतल्या मिठाबद्दलही तेच विचारायचा, "हे बरं, की आधीचं?"

कपाटात वडिलांचं एक रीळ सापडलं, न धुतलेलं. असं रीळ कॅमेऱ्यातून एकदा चालवायचं, मग उलटून दुसऱ्या बाजूने. आईच्या हाती कॅमेरा देऊन वडील एक बाजूभर चालले होते. दुसरी बाजू चालवण्याआधीच ते अंथरुणाला खिळले. वडील चालताना दिसतील असं जगात तेवढंच उरलं होतं. ताईचा रोज फोन. "घाई नाही हं. पण धुतलंस का?"

कोरी बाजू वाया कशाला? एकाच पट्टीवर बाप आणि लेक. डायलिसिसहून आल्या आल्या, थरथरत्या हातांनी त्याने रीळ चढवलं, कॅमेरा स्टँडवर लावला आणि चष्मेवाल्याकडून शर्टाची बटणं लावून घेतली. बादलीत धुतलेली पट्टी दिव्यासमोर धरली तेव्हा कळलं. रीळ उलटायचंच राहिलं होतं. बाप आणि लेक एकावर एक.

"ताईंना नको सांगूस," चष्मेवाला म्हणाला.

"न सांगण्यात अकरा वर्षं गेली की."

रविवारी दुपारी ताई आली. पर्स मांडीवर घेऊन प्रोजेक्टरशेजारी बसली. भिंतीवर वडील फाटकाकडे चालू लागले, जड पावलांनी, थेट फ्रेमवाल्यासारखे. आणि त्यांच्या छातीवर दोन हात बटणं लावत होते.

"बाबांच्या अंगावर कुणाचे हात?"

"याचे," दारात उभ्या चष्मेवाल्याकडे बोट करून फ्रेमवाला म्हणाला. " अंगावर माझ्या आहेत, ताई. चूक माझी झाली."

"बाबांनी झटकले असते."

"असते."

पट्टी संपली. ताईने पर्सची चेन उघडली, लावली.

"परत लाव. ते हात काढून."

"वेगळं नाही होत आता."

त्याने परत लावलं. ताई उठली, झोतापुढे तळवा धरून ते हात झाकू लागली. सावली पडली तशी हातांबरोबर वडीलही गेले. तिने तळवा हटवला. परत धरला.

दारातल्या चष्मेवाल्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हे बरं, की आधीचं?"

ताईचा तळवा अधांतरीच राहिला.