ओठांवरचा खडू

शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींच्या ओठाच्या कडेला पांढरं काहीतरी लागलं होतं. माझं लक्ष गेलं तसं त्यांनी ते घाईघाईने पदराने पुसलं. माझ्या वर्गातले खडू महिनाभर नाहीसे होत होते. त्यापायी मी चौथीतल्या पोरांची दप्तरं उलटी केली होती, एकीला रडवलंही होतं.

"बाई, कुणाला सांगू नका," मावशी म्हणाल्या. "फळा पुसताना वास आला की राहवतच नाही बघा."

मी रागातच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफटक. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन फारच कमी. "अंगातलं लोह कमी झालं की काहींना खडू, माती, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काहीबाही खावंसं वाटतं," त्या म्हणाल्या.

माझा संशयी स्वभाव काही गेला नाही, त्याने फक्त वाट बदलली. आता भाजीवाली सुटे पैसे देते तेव्हा मी तिची नखं फिकट तर नाहीत ना, ते बघते. शेजारीण जिना चढून दम खाते, की मला शंका येते. रक्त किती गुपचूप आटतं! आणि आपण चोर शोधत बसतो.

काल ऐन थंडीत फ्रीजमधला बर्फाचा ट्रे पुन्हा रिकामा दिसला. आतल्या खोलीत माझी लेक काहीतरी कडाकडा चावत होती.

"काय खातेस गं?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि तिने घाईघाईने ओठ पुसले.

मी तिला हाताला धरून खिडकीशी नेलं.

"डोळे वर कर."