मागायला शिकले ते युक्रेनी भाषेत

नातसून पायात चप्पल सरकवून दार ओढून घेत होती आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर, मेथी निवडत बसल्या जागी, घामानं भिजले होते. छातीवर कोणी पाटा ठेवावा तसं दडपण होतं. डावा हात मेथीपर्यंत जात नव्हता. ती गेली असती तर बराच वेळ परत आली नसती. कसब्यात आमच्या इमारतीखाली तांब्याची भांडी ठोकतात, दिवसभर ठणठण चालू. तिसऱ्या मजल्यावरून मी ओरडले असते तरी कोणाला ऐकू गेलं नसतं.

तिनं विचारलं नव्हतं असं नाही. निघताना माझ्या तोंडाकडे बघून थांबली होती.

"आजी, बरं नाही?"

"बरी आहे."

"पाणी? डॉक्टर?"

"नको. काही नको. जा तू."

आमच्याकडे हे असंच असतं. पहिल्या दोन नकोंना कोणी किंमत देत नाही. पाहुणा चहा नको म्हणतो, आपण आधण ठेवतो. मग पुन्हा आग्रह झाला की तो हो म्हणतो, तेही "बरं, अर्धाच कप" असं. ही युक्रेनची. तिच्याकडे नको म्हणजे नको. तिनं विचारलं, उत्तर मिळालं, ती निघाली.

माझा नातू तिकडे डॉक्टरकी शिकायला गेला आणि येताना हिला लग्न करून घेऊन आला. तो खराडीच्या एका दवाखान्यात नोकरीला. सकाळी जातो तो संध्याकाळी उगवतो. दिवसभर घरात आम्ही दोघी. तिला मराठी शिकायचं होतं. मी म्हटलं, मग तूही मला तुझं शिकव. तिची आई तिकडेच राहिलेली, लढाई चालू. फोनवर ती दिसली की मी नुसती हात जोडून बसायची. बाई, तुम्हाला काय हवंय, एवढं तरी आपल्याला विचारता यावं असं वाटायचं.

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण हा धडा जड गेला नाही. आपण "मला" म्हणतो तिथे ते "मेनी" म्हणतात. आपलं हवा, हवी, हवं होतं, तसं त्यांचंही वस्तू बघून बदलतं. डॉक्टर असेल तर पोत्रीबेन. पाणी त्यांच्यात बाईमाणूस, म्हणून पोत्रीब्ना. दूध आपल्यासारखंच, ते दूध, त्याला पोत्रीब्ने. हे सगळं मी पोळ्या लाटता लाटता पाठ केलं.

अडलं ते दुसरीकडेच. ती वाक्य कर म्हणाली की मी म्हणायची, तुला पाणी हवं, त्याला चहा हवा, आईला औषध हवं.

"आजी, मेनी म्हणा. मला."

"मला काही नको असतं ग."

"रोज नको?"

"रोज नको."

"खोटं," ती म्हणाली. हा शब्द तिनं कुठून उचलला होता कोण जाणे. "म्हणा. मेनी पोत्रीबेन लीकार. मला डॉक्टर हवा."

"कशाला? घरात एक आहे तोच पुरे झाला. ओला टॉवेल पलंगावर टाकतो."

ती हसली, पण सोडलं नाही. रोज म्हणवून घ्यायची. मीही पाढा म्हणावा तशी म्हणून मोकळी व्हायची.

तिची आई मात्र फोनवर सरळ सांगायची. मला मोजे हवेत, मला गोळ्या हव्यात, मला तू हवीस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कसंतरीच झालं. मागायचं असं? माझ्या आईनं कधी मागितलं नाही, सासूनं नाही, मी नाही. आमच्या घरातले पुरुषही तसलेच. यजमानांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मी पुन्हा पुन्हा विचारलं. "काही नको, जरा पडतो," म्हणाले. त्यानंतर उठले नाहीत.

दार लागत आलं, तेव्हा मला ते आठवले वगैरे काही झालं नाही. माणूस त्या वेळी इतका विचार करत नाही. ही गेली की आपण गेलो, एवढंच कळलं. "डॉक्टर" असं म्हटलं असतं तरी तिला समजलं असतं. पण मराठीत तोंड उघडलं की नकोच बाहेर येत होतं. मला हवं, हे वाक्य त्या तोंडाला माहीतच नव्हतं. दुसरं होतं, ते रोज म्हणून म्हणून गुळगुळीत झालेलं.

"मेनी पोत्रीबेन लीकार," मी म्हटलं.

ती चपलेनिशी आत आली. धडा समजून हसली नाही. माझ्या कपाळाला हात लावला आणि गॅलरीत जाऊन खालच्या लोकांना अशी काही ओरडली की ठणठण थांबली. दोघं जण वर धावत आले. जिना अरुंद, म्हणून त्यांनी मला खुर्चीत बसवून खुर्ची उचलली.

"अहो, मी चालते की. खुर्ची नको."

"नको म्हणते!" नातसून मागून किंचाळली. "ऐकू नका!"

"नाही ऐकत, वहिनी," त्यातला म्हातारा म्हणाला. "आजी, तुम्ही आता बोलूच नका. आणि माझी मान धरू नका, खुर्ची धरा."

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा मिळाली. दवाखान्यात हृदयाची बंद झालेली नळी उघडली. नातू धावत आला आणि माझ्यावरच चिडला, सकाळपासून दुखत होतं तर सांगितलं का नाही म्हणून. मी डोळे मिटून घेतले.

आता घरी मी मागते. चहा हवा असला की चहा हवा म्हणते. शेजारणींना ते विचित्र वाटतं. वाटू दे.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तेव्हा घरात आणखी कोणाला असं झालं होतं का, अशी चौकशी केली. यजमानांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्यांनाही हेच झालं असणार. ते त्यात गेले. मी वाचले.