सदाचा हात थरथरायचा तेव्हा

सकाळी भावजयीचा, सुलभाचा फोन आला. "वन्सं, लवकर या हो... हे उठत नाहीत." दोन घरं ओलांडून धावताना माझ्या मनात पहिलं काय यावं? आज सोमवार, सदाचा कामावर खाडा पडणार! धाकटा भाऊ गेला हे कळायच्या आधी मी त्याच्या नोकरीची काळजी करत होते. महिना उलटून गेला, तरी ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. पण खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

सदा वेल्डर. अंजनवेलकडे एका ठेकेदाराकडे बरीच वर्षं होता. ठेका संपला आणि पन्नाशी ओलांडलेला माणूस घरी बसला. लेकीचं नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर. घरी छोटं मशीन होतं, त्यावर कोणाची ग्रिल, कोणाचं फाटक असं करायचा. काम नसेल तेव्हा भंगारातल्या पट्ट्या जोडून स्टँड करत बसायचा. पिंपाला स्टँड, कुंड्यांना स्टँड... उद्या कोंबडीलाही करून देशील, असं मी चिडवायची. तो हसायचा, पण फोन वाजला की दचकायचा.

खाडीवरच्या एका यार्डात बार्ज, म्हणजे माल वाहायची मोठी सपाट बोट, बांधायला घेतली आणि वेल्डर हवेत असं कळलं. सदा टेस्ट द्यायला गेला आणि तोंड पाडून परत आला. साहेब बाजूला उभा राहिला, याचा हात थरथरायला लागला, रॉड पत्र्याला चिकटून बसला. "एकटा असलो की काय नाय होत गो ताय. कोण बघायला लागला की हात ऐकतच नाय." आणखी एकदाच बोलावणार होते. त्यात नापास झाला असता तर या वयात त्याला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

मग त्यानंच डोकं चालवलं. रोज संध्याकाळी मी साहेब व्हायचं. डोळ्यांसमोर काळी काच धरून त्याच्या शेजारी उभं राहायचं आणि तोंड वाकडं करायचं. तोंड वाकडं करणं मला शिकवावं लागलं नाही, सुलभाला विचारा. तरी रॉड चिकटायचाच. एकदा त्यानं रॉडचा होल्डर खाली आपटला. "तू काळजीनं बघतस, ताय. काचेतून पण कळताय मला. तुझां काय जाताय, असां बघ!" मला राग आला, रडूही आलं. माझं काय जातंय म्हणे! पण दुसऱ्या दिवशी डोळे त्याच्या हातावर ठेवले आणि मन नेऊन ठेवलं रात्रीच्या सोड्यांच्या कालवणात. आमसुलं आहेत का, नारळ फोडलाय का... भानावर आले तर जोड पुरा झाला होता, एका ओळीत, कुठे न अडखळता. सदा मास्क वर करून माझ्याकडे बघतच राहिला.

टेस्टच्या दिवशी मी चूल पेटवलीच नाही. दुपारी फोन आला. "काम मिळालां गो!" तेव्हा कुठे मी चूल पेटवायला उठले. पहिल्या दिवशी घरी आला तो खूश. "तिकडे कोण बघताय? ज्याच्या त्याच्या तोंडावर मास्क!" जेमतेम वर्षभर गेला असेल कामावर. मग तो सोमवार. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

तेराव्यानंतर थोड्याच दिवसांनी बार्ज पाण्यात सोडली. सुलभा आणि मी खाडीकाठी उभ्या होतो. त्या एवढ्या लोखंडात सदाचे जोड कुठले, हे सांगायलाही कोणी नव्हतं. बार्ज खाडीच्या मुखातून समुद्रात बाहेर पडून उत्तरेला गेली, कुठल्या बंदरात ते आम्हाला माहीत नाही.

परवा समुद्र खवळणार असल्याचा इशारा आला. आमचं ना कोणी होडीवर, ना कोणी मासेमारीला. तरी सुलभा पदराला हात पुसत माझ्याकडे आली. "वन्सं, ती आता कुठे असेल हो?" "असेल कुठेतरी बंदरात बांधलेली," मी म्हटलं. मला काय ठाऊक! मी टीव्हीचा आवाज वाढवला. वारा पडल्याची बातमी येईपर्यंत आम्ही दोघी तिथून उठलो नाही.