पिक्चरमधल्या पोरीला मी जेवायला थांबवलं

मंडळी, आज महाडच्या थिएटरात मी स्वतःचं हसं करून घेतलं, पण मनावरचं ओझं उतरलंय.

घरात आम्हा नवराबायकोचं वाजलं की माझी दहावीतली लेक मनू दार आपटून बाहेर जाते. मी मागून "जेवून तरी जा गो" म्हणते, ती वळतसुद्धा नाही.

आज आम्ही दोघी पिक्चरला गेलो. त्यातली बंडखोर पोरगी भांडून घराबाहेर पडली आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालंच, "जेवून तरी जा गो!"

सगळे हसले. मनू माझ्या कानाशी म्हणाली, "आई, तिला ऐकू येत नाय. मला येतं."

पोलादपूरला घरी आल्यावर ती पुन्हा भात मागून जेवली.

पोरं वळत नसली तरी तुम्ही हाक मारता ना?